डब्याखालचा चुना

वसमतला, हळदीच्या मोंढ्याकडे वळताना
डाव्या हाताला दस्तगीर मामूचं दुकान होतं.
पाटीवर 'गॅस वेल्डिंग' एवढंच,
त्यातला 'गॅ' उन्हानं खाल्लेला.

फेब्रुवारीत हळद शिजवायचे कुकर यायचे,
शिवणीत उसवलेले,
दवाखान्यातल्यासारखे रांगेत बसायचे
पिवळी तोंडं करून.

मी अकरावीला, सायन्सला.
कॉलेज सुटलं की पाणी सोडायच्या कामाला.
पिंपातल्या जाळीवर कार्बाईडचे दगड ठेवायचे,
करडे, ना कोळसा ना चुना,
भट्टीत दोघांनी एकमेकांना कबूल केल्यावर
जे उरतं तसे.
मग वरून पाणी. थेंब. थेंब.
"घाई नक्को रे. दगडाला तहान लागली म्हणून
अख्खी विहीर पाजत नसतेत."

पिंप तापायचं. आत कुजबूज सुरू व्हायची.
आणि लसणाचा वास,
रात्री अंगावरून आईला कळायचं
मी आज कुठं होतो ते.

पुस्तकात तोच वायू नीटनेटका होता.
इथाइन. रंगहीन.
दोन कार्बन, टोकांना एकेक हायड्रोजन,
चौघं एका सरळ रेषेत,
दोरीवर वाळत घातल्यासारखे.
मधल्या दोघांत तीन गाठी:
एक पक्की, दोन सैल.
दारात ब्रोमीन आला की सैल गाठी आधी सुटतात,
त्याचा तांबूस रंग पिऊन टाकतात
आणि परीक्षानळी अशी निर्मळ दिसते
जसं कुणी आलंच नव्हतं.

मामू काडी ओढायचा.
पहिली ज्योत पिवळी, घाणेरडी,
काजळीचे काळे धागे उडत जायचे
शेजारच्या शेवयांच्या खाटेवर,
आणि शेवयावाली सुशीलाबाई
मामूच्या सात पिढ्या काढायची.
मग तो ऑक्सिजनची चावी फिरवायचा.
आवाज बदलायचा. ज्योत आखडायची, निळी व्हायची,
आत तांदळाएवढी एक कळी.
तिच्या टोकाशी तीन हजारांच्या वर अंश,
आणि मामू तिच्याशी बोलायचा
बकरीच्या करडाशी बोलावं तसं.

एकदा मी भंगारातून तांब्याची नळी आणली.
चकचकीत, जवळजवळ फुकट.
मामूनं ती सरळ रस्त्यावर भिरकावली.
का? म्हणालो.
"उस्तादनं सांगितलंय, तांब्याला ह्याच्याजवळ आणायचं न्हाई."
उस्तादला कुणी सांगितलं?
मामूनं उजवा पंजा वर केला,
दोन बोटं दुमडली,
आणि पुन्हा कामाला लागला.

तोंडी परीक्षेला नांदेडहून सर आले होते.
इथाइन कसं तयार कराल?
सांगितलं. थेंबाथेंबानं, म्हणालो.
वास?
लसणासारखा, सर.
शुद्ध इथाइनचा विचारतोय.
शुद्ध मी कधी बघितलं नाही, सर.
त्यांनी सहा लिहिले.
माझ्या बाहीकडे जरा वाकले,
सहा खोडून सात केले.
"फॉस्फाइनची भेसळ असते ती," म्हणाले,
"वाचून ठेव."

वाचलं. आता शिकवतोही.
दरवर्षी वास विचारतो,
दरवर्षी पोरं बरोबर उत्तर देतात
आणि मी बरोबरची खूण करतो.

दुकानात आता विजेचं वेल्डिंग आहे, मामूचा नातू आहे.
गॅस लागलाच तर बाटलीतून येतो,
ॲसिटोनमध्ये मुरवलेला, गुपचूप.
पिंप कुणी नेलं माहीत नाही.

पण संध्याकाळी ते पिंप रिकामं करताना
तळाशी पांढरा गाळ निघायचा, गार, दह्यासारखा.
चुना. जिथून दगड निघाला होता तिथलाच,
मधलं तेवढं जळून गेलेलं.
हुरमतबी तो घमेल्यात भरून न्यायची,
घराच्या मागच्या भिंतीला फासायची,
उरला तर सुशीलाबाईकडे धाडायची,
काजळीची भरपाई म्हणून.

परवा त्या भिंतीला टेकलो.
खांद्याला पांढरं लागलं.
बस यायला वेळ होता.
लगेच झटकलं नाही.